लाटक्यांचं पाणी ओता, साका ठेवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सून अमेरिकेतल्या ज्यू घरातली, लग्नानंतर पहिल्यांदाच डिसेंबरात पुण्याला येतेय, आणि तिच्यासाठी तुम्हाला हनुक्काचे, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचे, लाटके करायचेत: किसलेल्या बटाट्याचे तळलेले चपटे वडे. पहिल्या खेपेला ते तव्यावर विस्कटले आणि आतून गिच्च राहिले. दुसऱ्या खेपेला कॉर्नफ्लोअर आणि बेसन घातलं, तर तुमच्याच शब्दांत ‘बटाट्याची भजी झाली’. आता विचारताय की पीठ कोणतं घालू, बटाटे उकडून घेऊ का, आणि सासूबाईंना अंडं चालत नाही त्याचं काय करू.

पिठाचं राहू द्या. तुमच्या मजकुरात मध्येच एक वाक्य आहे: ‘कीस काळा पडू नये म्हणून पाण्यात घालून ठेवला, मग निथळून घेतला.’ सगळा घोळ तिथे झालाय.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतेय ते कळेल. मी बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळची ठाण्याची. गेली सव्वीस वर्षं इस्रायलमधल्या अश्दोदला राहते, त्यातली एकोणीस वर्षं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेली. हनुक्काच्या आठ दिवसांत तिथे रोज दीड-दोनशे लाटके तळायचे, आणि खाणारे सगळे पोलंड-रुमानियात लहानपण काढलेले. त्यांच्याइतके खडूस परीक्षक मी पाहिले नाहीत. लाटके माझ्या माहेरचे मात्र नव्हेत. ते अश्केनाझी, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचे. आमच्याकडे मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. त्यामुळे तुम्ही ज्या चुका केल्यात त्या सगळ्या मी पगार घेऊन केलेल्या आहेत.

आपल्या हाताला सवय असते उपवासाच्या बटाट्याच्या किसाची. तिथे किसलेला बटाटा दोन पाण्यांतून काढतो, कारण तो मोकळा व्हायला हवा, एकमेकांना चिकटायला नको. लाटक्याला नेमकं उलट हवं असतं. कीस एकमेकांना धरून राहिला पाहिजे, आणि धरून ठेवणारी वस्तू बटाट्यातच असते: त्याचं सत्त्व. तुम्ही ते मोरीत ओतलंत आणि बदल्यात किसात पाणी भरून घेतलंत. सत्त्व गेलं म्हणून विस्कटले. पाणी राहिलं म्हणून तेल थंड पडलं, बटाटा तळला न जाता वाफेवर शिजला, आणि आत गिच्च झाला. दोन दोष दिसतात, पण मूळ एकच.

कुरडया केल्या असतील तर हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. गहू भिजवून वाटून चीक काढतो, रात्रभर बसू देतो, सकाळी वरची निवळ ओततो आणि खाली घट्ट बसलेलं घेतो. बटाट्याचंही तेच, फक्त रात्रभर नाही, दहा मिनिटं पुरतात. बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणीच असतं. एक किलो बटाट्याचा कीस पंचात घालून नीट पिळला तर पेलाभर पाणी सहज निघतं. ते पातेल्यात तसंच ठेवा. वर तांबूस पाणी दिसेल, ते हलक्या हाताने ओतून द्या. तळाशी पांढराशुभ्र साका राहील, बोट लावलं तर आधी कडक लागतो आणि मग ओघळतो. एक किलोला साधारण दोन-तीन चमचे. तो खरवडून परत किसात घाला. तुमचं कॉर्नफ्लोअर ते हेच, फक्त त्याच बटाट्याचं.

हे मला शिकवलं रुमानियातून आलेल्या एका आजींनी. माझं पहिलं वर्ष होतं. मी बेतलेले लाटके गोल, गुळगुळीत, सगळे एका मापाचे, थालीपिठासारखे थापलेले. आजींनी एक चाखला, बशी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘चांगलं आहे. पण हे आहे काय?’ रहिवाशांना स्वयंपाकघरात यायची परवानगी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि कीस बाहेर मागवला. जाड सुती पुसणं मांडीवर पसरलं, त्यात कीस घातला, चारही टोकं एकत्र धरून लाकडी उलथन्याच्या दांड्याला गुंडाळली आणि दांडा पिळत गेल्या. मला वाटलं संपलं पाणी. त्यांनी गाठोडं सोडलं, कीस हाताने मोकळा केला, परत बांधलं आणि आणखी अर्धी वाटी काढली. हे दुसऱ्यांदा पिळणं बहुतेक जण सोडून देतात. तळून झाल्यावर त्यांनी एक लाटका खिडकीसमोर धरला. मध्ये गच्च, पण कडेच्या जाळीतून उजेड येत होता. ‘असा,’ म्हणाल्या. तेव्हापासून मी कडा कधी थापून नीट केल्या नाहीत. बाहेर आलेले धागेच आधी कुरकुरीत होतात.

आता प्रमाण. चार-पाच माणसांसाठी एक किलो बटाटे, एक मोठा कांदा, दोन अंडी, तीन-चार चमचे कोरडं काहीतरी, दीड चमचा मीठ, ताजी भरड मिरपूड. अठरा ते वीस लाटके होतात. कोरडं म्हणजे मूळ रीतीत मात्झाचा चुरा, बिनखमिराच्या पोळीचा. तुमच्याकडे बारीक रवा घ्या, किंवा बिनगोडाचा ब्रेड वाळवून केलेला चुरा. बेसन नको. चवीने वाईट नाही, पण बेसन आलं की जिभेला भजी आठवते, आणि मग सगळं मुसळ केरात. पिठाचं काम इथे उरलीसुरली ओल टिपायचं आहे. चार चमच्यांच्या वर घालावं लागत असेल तर पीठ कमी पडलेलं नाही, पिळणं कमी पडलंय.

बटाटा कोणता, यावर मात्र माझं उत्तर तुमच्या मंडईवर अवलंबून आहे. अमेरिकेत सुनेची आई बहुधा रसेट वापरत असेल, लांबट, जाड सालीचा, पिठूळ. पुण्यात डिसेंबरात नवा बटाटा आणि शीतगृहातला जुना, दोन्ही येतात. नव्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते, आत पाणी जास्त, सत्त्व कमी. तो भाजीला घ्या. जुना घ्यावा, पण त्यातही मेख आहे. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या सत्त्वाची थोडी साखर होते. तो तेलात पडताच तांबूस होतो आणि आत कच्चा राहतो, चवीला किंचित गोड लागतो. वेफर्स करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असतं, म्हणूनच चिप्सोना नावाच्या जाती मुद्दाम वेफर्ससाठी काढल्यात. भाजीवाल्याकडे चिप्सचा बटाटा मागा. मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर जुना बटाटा आणून आठवडाभर टोपलीत, अंधारात, फ्रिजबाहेर ठेवा, साखर बरीच उतरते. कापल्यावर सुरीवर पांढरट पीठ वाळून राहिलं की समजा चांगला माल आहे.

किसणीची जाड बाजू घ्या आणि बटाटा आडवा धरून लांबीच्या दिशेने किसा, लांब धागे येतात. यावर ज्यूंच्या घरोघरी वाद आहेत. पूर्व युरोपातली जुनी माणसं बारीक किसतात, जवळजवळ लगदाच, आणि त्यांचा लाटका आत मऊ असतो. अमेरिकेत जाड किसाचे, जाळीदार जास्त दिसतात. मी तीन भाग जाड आणि एक भाग बारीक घेते. बारीक किसाचा लगदा जाड धाग्यांच्या मधल्या जागा भरतो. सुनेला मात्र आधीच विचारून ठेवा की तिच्या आजीकडे कसे असायचे. हा प्रश्न तिला आवडेल असं मला वाटतं.

काळा पडण्याची तुमची भीती खरी आहे, पण त्यावर पाणी हा उपाय नाही. कांदा आहे. दोन बटाटे किसले की पाव कांदा किसायचा, पुन्हा बटाटे, असं आलटून पालटून. कांद्याच्या रसाने काळपटपणा बराच थांबतो. तरी थोडा गुलाबी, मग राखाडी होईलच. होऊ द्या. तळल्यावर कोणाला दिसत नाही. खरी गोष्ट अशी की कीस काळा पडायला वेळ मिळतोय म्हणजे तुम्ही उशीर करताय. किसण्यापासून तव्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत सगळं झालं पाहिजे. तेल आधी तापत ठेवा आणि मग मीठ घाला. मीठ पडलं की बटाटा पुन्हा पाणी सोडू लागतो, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी.

अंड्याचं. आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक अंडं आधी वेगळ्या काचेच्या पेल्यात फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं, हा नियमच. तुमच्याकडे सासूबाईंना चालत नाही, तर अंड्याशिवायही होतात. साका जपलात तर अंड्याचं अर्धं काम तो करतो. त्याच्या जोडीला बारीक किसाचा भाग थोडा वाढवा आणि लाटके लहान करा, पुरीएवढे, तळहाताएवढे नाही. उलटवायची घाई करू नका, कारण खालची बाजू पूर्ण कडक होईपर्यंत अंडं नसलेला लाटका नाजूक असतो. आतून थोडे कमी फुलतील, बाहेरून फरक पडत नाही. एकाच घरात दोन्ही करायचे असतील तर बिनअंड्याचे आधी तळा.

उकडलेला बटाटा? तो घेऊन जे होईल त्याला आपल्याकडे पॅटिस म्हणतात. छान लागतं. लाटका नाही.

तळणीचं भांडं सपाट हवं. कढईत गोल बुडामुळे मध्ये तेल खोल आणि कडेला उथळ, त्यात लाटका वाकतो. बिडाचा सपाट तवा किंवा जाड बुडाचा फ्राय पॅन घ्या आणि त्यात नखभर, म्हणजे लाटक्याच्या अर्ध्या उंचीइतकं तेल. शेंगदाण्याचं तेल उत्तम, सूर्यफुलाचंही चालतं. तेल तापलं की एक धागा टाका. लगेच फेसाळून वर येऊन नाचला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. थर्मामीटर असेल तर एकशे ऐंशीच्या आसपास. मूठभर मिश्रण हातात घेऊन पातेल्यावरच पुन्हा एकदा दाबा, पाणी गळेल ते गळू द्या, आणि तेलात सोडून मागून उलथन्याने हलकेच चेपा. एका घाण्यात चारच. सहा घातले की तेल थंड. दर बाजूला तीन-चार मिनिटं. कडेने बदामी रंग चढताना दिसेल, तेव्हा एकदाच उलटा. दर घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढा, नाहीतर तो जळून पुढच्या घाण्याला कडू करतो. तेल कमी झालं तर घाला आणि पुन्हा तापेपर्यंत थांबा. मिश्रणाच्या पातेल्यात पाणी साठत राहील. ते ढवळून घेऊ नका, वरचं वर उचला.

तळलेले लाटके कागदावर एकावर एक रचू नका. खालच्याला घाम सुटतो. चाळणी उपडी घालून तिच्यावर ठेवा. ओव्हन असेल तर शंभर अंशांवर, जाळीवर, अर्धा तास छान राहतात. एअरफ्रायरबद्दल कोणी ना कोणी सांगेलच तुम्हाला. सणच तेलाचा आहे हो.

त्याचं थोडं सांगते, कारण सुनेशी बोलताना उपयोगी पडेल. मक्काबी नावाच्या ज्यू बंडखोरांनी इसवी सनपूर्व 164 मध्ये जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं आणि शुद्ध केलं. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात, गोष्ट येते की दिव्यासाठी एका दिवसाचंच शुद्ध तेल सापडलं आणि ते आठ दिवस जळलं. म्हणून आठ दिवस दिवे, आणि म्हणून तळण. बटाटा यात फार उशिरा आला. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पूर्व युरोपातल्या गरिबांच्या ताटात तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे रुळला. त्याआधी चीजचे लाटके होते, कुट्टूच्या पिठाचेही होते. थंड मुलखात तेल महाग, म्हणून हंसाच्या चरबीत तळायचे. लाटके हा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला शब्द, मागे मागे जात ग्रीकमधल्या ऑलिव्हशी पोचतो. इथे इस्रायलमध्ये हिब्रूत लेविवोत म्हणतात. आम्ही घरी मराठीत एक लाटका, दोन लाटके करून टाकलंय.

आणि गंमत बघा. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले. पण जुनी माणसं सांगत की हनुक्का आम्हाला ठाऊकच नव्हता, तो नंतर शिकलो. तेलाचा सण तेल्यांनाच माहीत नाही! माझी आई इथे आल्यावर लाटक्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालायची. मला आजही तेच जास्त आवडतात. पण तुम्ही पहिल्या दिवशी घालू नका. सून घरापासून इतकी लांब आलेली असेल, तिला ओळखीची चव द्या. दुसऱ्या दिवशी मिरची घाला.

सोबत दोन गोष्टी लागतात. एक सफरचंदाचा गर: चार सफरचंदं सोलून, चिरून, अर्धी वाटी पाण्यात झाकून शिजवा, दालचिनीचा तुकडा घाला, घोटा. साखर शक्यतो नकोच. दुसरं आंबट साय, तिथे सावर क्रीम म्हणतात. ते शोधत कॅम्पात हिंडू नका. श्रीखंडाचा चक्का घ्या, साखर न घालता, चमचाभर साय आणि चिमूटभर मीठ घालून फेटा. काही घरांत हे दोन्ही का असतात त्याला कारण आहे. चरबीत तळलेल्याबरोबर किंवा मांसाच्या जेवणात दूधदुभतं चालत नाही, मग गर. नुसत्या तेलात तळलेले असतील तर दोन्ही चालतं. म्हणूनच तूप घालू नका. तुमच्या घरात मांस शिजत नसेल तर निम्मी काळजी मिटली, पण सून कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, किती पाळते हे तिलाच विचारा. काही जण काहीच पाळत नाहीत, काहींना वेगळी भांडी लागतात. यात अंदाज बांधू नये.

तारीखही तिच्याकडूनच घ्या. हनुक्का ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्याला लागतो. चांद्र महिना आहे, त्यामुळे आपल्या दिवाळीसारखाच मागेपुढे होतो, आणि दिवाळीसारखाच अमावास्येच्या अंधारात येतो. 2024 मध्ये पहिला दिवा 25 डिसेंबरच्या संध्याकाळी लागला, 2025 मध्ये 14 डिसेंबरच्या. ती येईपर्यंत सण उलटूनही गेला असेल. गेला असला तरी लाटके करा, कोणी पकडत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर: धुवू नका, दोनदा पिळा, साका परत घाला, मीठ शेवटी, चारच्या वर एका वेळी नाही. आणि ती यायच्या आधी दोनच बटाट्यांचे करून बघा. पहिला घाणा जरा तेल पिईलच, माझाही पितो. तो स्वयंपाकघरातच खाऊन टाकायचा असतो.

एक राहिलं. दिवे जळत असताना, निदान पहिला अर्धा तास, बायकांनी घरातलं काम करायचं नाही अशी जुनी रीत आहे. सून पाळते की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही पाळायला हरकत नाही. चाळणीवरचे लाटके गरम असतानाच दिवे लावा, तिच्याजवळ बसा, आणि उरलेले घाणे मुलाला काढू द्या.